राजाचा गाल

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी लक्ष्मीपूजनाचं ताट मांडायला बसले होते. चांदीच्या वाटीतला जुना रुपया पुसायला हातात घेतला, तशा नवऱ्याच्या आत्या सोफ्यावरून म्हणाल्या, "सांभाळून हं, डॉक्टरीणबाई. या घरातल्या एका सुनेनं राजाचं तोंड धुऊन टाकलंय. तू आता पगडी नको धुऊस."

सगळे हसले. माझे सासरे, माझा नवरा, फराळाला आलेले शेजारी, सगळेच. सासूबाईही हसल्या. हसता हसता उठल्या आणि काहीतरी गॅसवर आहे म्हणून आत गेल्या. मी थोड्या वेळाने पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर गॅस बंद होता. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पदराने काचेचा एक कोरडा पेला पुसत होत्या.

मी साताऱ्याकडची. दंतवैद्यकी शिकून उज्जैनला सून म्हणून आले आणि फ्रीगंजमध्ये दवाखाना टाकला. सासरचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलं. कोणे एके काळी दरबारात कारकुनी करायला आलेले पूर्वज, मग मास्तर, मग बँकेतले साहेब. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली की "आरामशीर बस, घाई काय आहे, चाय तर पिऊन जा" हे वाक्य त्यांना पूर्ण मराठी वाटायचं. आज मलाही वाटतं.

तो रुपया कुठल्यातरी संस्थानाचा होता. एका बाजूला पगडी घातलेल्या राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला राजचिन्ह. पणजोबांना दरबारातून मिळाला, असं घरात सांगत. पगडीवरच्या मोत्यांच्या सरी स्पष्ट दिसत. कडेने फिरलेली अक्षरं धारदार होती. पण राजाला गाल नव्हता. कानापासून नाकापर्यंतचा भाग सपाट, नुसती चांदी.

त्याची कथा मला नवऱ्याने सांगितली. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच घर हातात घेतलं, भावाला वाढवलं, शाळेत शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही. वडील होते तोवर लक्ष्मीपूजन तेच करत. ते रुपयाला कुणाला हात लावू देत नसत. त्यावर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू बसलेलं होतं, त्याच्यावरच नवं कुंकू वाहत आणि पुन्हा लाल फडक्यात बांधून ठेवून देत. वडील गेले. वर्षभराने सासऱ्यांचं लग्न झालं आणि सासूबाई घरात आल्या. त्या दिवाळीला आत्यांनी कपाटाच्या किल्ल्या नव्या भावजयीच्या हाती दिल्या आणि सांगितलं, "पूजेचं सगळं लखलखीत कर." नव्या सुनेने सगळं लखलखीत केलं. ताटात रुपया आला तेव्हा त्याच्यावर राजा होता, पण राजाला तोंड नव्हतं.

"आईनं चिंच लावून इतकं घासलं की चेहराच गेला," नवरा म्हणाला. त्याला ती गंमत वाटायची. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. सासूबाई कढई घासायला बसल्या की कुणीतरी म्हणणारच, "बस कर, बूड जाईल." त्यांनी कुणाच्या बाळाला अंघोळ घालायला घेतलं तरी कुणीतरी म्हणे, "नाक राहू दे त्याचं." अशी ती एक गोष्ट घरात सगळीकडे फिरायची.

सासूबाईंनी पुढे कधी त्या रुपयाला हात लावला नाही. पूजेच्या दिवशी त्या सगळं करत, रुपया मात्र सासरे मांडत. ते गेल्यावर नवरा मांडू लागला. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माझा हात जड आहे, बेटा."

मला हे खरं वाटायचं नाही. त्यांच्या हातची पुरणपोळी बघितली असती तर तुम्हालाही वाटलं नसतं.

माझ्याकडे एक काका दात दाखवायला यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको नाही, मुलगी परदेशी. जुनी नाणी जमवायचा त्यांना नाद होता. एकदा त्यांची दाढ काढायची होती. सुई देऊन जबडा बधीर होण्याची वाट बघत आम्ही बसलो होतो. वेळ जावा म्हणून त्यांनी फोनवर एका नाण्याचा फोटो दाखवला.

"डॉक्टर, हे झिजलंय की नाही, सांगा."

सिंहाची आकृती होती. पाय, शेपूट स्पष्ट, पण खांद्याचा भाग पुसट. मी म्हटलं, "झिजलंय."

"सगळे हेच म्हणतात." त्यांचा ओठ आता जड झाला होता, शब्द बाजूने निसटत होते. "झिजलं नाही. उमटलंच नाही. टांकसाळीतून निघालं तेव्हापासून असंच आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. नाणं पाडताना धातूची सपाट चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून दाबतात. नाण्यावर जे उंच दिसतं ते ठशामध्ये खोल कोरलेलं असतं. दाबल्यावर धातू त्या खोलीत चढतो. चित्राचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे गाल, खांदा, केसांचा अंबाडा, तो ठशातला सगळ्यात खोल खड्डा. धातूला तिथवर पोहोचायला सगळ्यात जास्त जोर लागतो. त्यात मागच्या ठशातही बरोबर त्याच जागी खड्डा असला तर पंचाईत. तेवढ्याच धातूला दोन्हीकडे चढायचं असतं. दाब थोडा कमी पडला की दोन्ही बाजू त्या जागी अर्धवट राहतात. बाकी सगळं नाणं कोरंकरकरीत, आणि मधेच एक ठिकाण पुसट.

"मग झिजलेलं आणि न उमटलेलं ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"झिजलेलं गुळगुळीत असतं. न उमटलेल्या जागी चकतीचा मूळ खरबरीतपणा तसाच राहतो. भिंगातून दिसतो." मग हातानेच खूण करून म्हणाले, दाढ काढा आता.

मी दाढ काढली, पण डोकं दुसरीकडे होतं. कारण त्यांनी जे सांगितलं ते मी रोज बघते. रात्री दात खाणारी माणसं येतात, त्यांच्या दाढांचे माथे झिजून आरशासारखे चकचकीत झालेले असतात. आणि काहींचे दात लहानपणच्या आजारपणामुळे मुळातच नीट घडलेले नसतात. ते वरवर झिजल्यासारखे दिसतात, पण जवळून बघावं तर बारीक खळगे, खडबडीत. आईबाप पोराला दम देत असतात, "चॉकलेटं खाऊन दात घालवलेस." मी त्यांना सांगते की पोराने काही घालवलेलं नाही, ते आलेच असे.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातलं डोळ्यांना लावायचं भिंग आणि दिवा घरी घेऊन आले. नवऱ्याने फडकं सोडून रुपया दिला. खिडकीशी बसून मी राजाच्या गालाकडे बघितलं. तो गुळगुळीत नव्हता. त्यावर बारीक खड्डे होते, एक लहानशी आडवी खोक होती, आणि घासल्याचा एकही चरा नव्हता. रुपया उलटा केला. राजचिन्हाच्या मधोमध, बरोबर गालाच्या पाठीमागे, तसाच पुसट डाग. त्या बाजूबद्दल या घरात कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

नवरा म्हणाला, "जाऊ दे न. इतक्या वर्षांची गोष्ट."

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी रुपया घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो कडेने धरला, बोट लागू न देता. थोडा वेळ बघून आत गेले आणि एक डबी घेऊन आले. तिच्यात त्याच राजाचा, त्याच घडणीचा आणखी एक रुपया होता. बाजारात कधी न फिरलेला, कडा अजून टोचतील असा. त्यालाही गाल नव्हता.

"या ठशाची सगळीच अशी निघालेली दिसतात मला," काका म्हणाले. "राजेसाहेबांना कुणी दाखवायची हिंमत केली नसेल."

मी घरी आले तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे काही विचारलं नाही. हात चालू होते. मी ठशाबद्दल बोलत होते, खड्ड्याबद्दल, चांदी कमी पडण्याबद्दल. मला वाटलं त्यांना कळत नाहीये.

"म्हणजे मोदकाच्या साच्यासारखं," त्या म्हणाल्या. "मावा कमी भरला की पाकळ्या येतात, पण शेंडा नाही येत."

"अगदी तसंच, आई."

त्यांनी शेंग खाली ठेवली.

"मी घासलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं सांगितलं होतं, चांदी कधी घासायची नाही. मी चिंचेच्या पाण्यात टाकून ठेवलं, कुंकू सुटलं, मग दुसऱ्या पाण्यातून काढलं. बस, इतकंच. फडक्यानंसुद्धा दाबून नाही पुसलं, टिपलं होतं नुसतं."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं न. त्याच दिवशी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, मग गेलं कुठे तोंड? त्याला माझ्याकडे जवाब नव्हता. हे म्हणाले, आक्काच्या मनाला लागलंय, वडिलांची वस्तू आहे, तू ऐकून घे. मी ऐकून घेतलं. मग सगळे हसायला लागले. हसण्यावर काय भांडायचं? आणि खरं सांगू का, पुढे पुढे मलाच वाटायला लागलं होतं, की घासलं असेल मी. आठवायची तर हातात चिंच दिसायची."

त्यांनी मटाराचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि उठून गेल्या. त्या रात्री जेवताना त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. त्या चिडल्या होत्या. इतकी वर्षं न चिडलेलं माणूस जसं चिडतं तसं, आवाज न करता. सासऱ्यांच्या फोटोला रोज हार घालायच्या, दोन दिवस घातला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वन्संना सांगू नका. ऐंशीच्या वर वय आहे त्यांचं. आता काय मिळणार?"

आम्ही कुणी सांगितलं नाही.

थंडी संपता संपता आत्या इंदूरहून आमच्याकडे राहायला आल्या. खालचे-वरचे सगळे दात गेले होते आणि कवळी माझ्याच हातची पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. "घरची डॉक्टरीण असताना बाहेर पैसे का ओतू?" दवाखान्यात त्यांना घेऊन सासूबाई आल्या. त्यांनी आत्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

हिरड्यांचं माप घ्यायचं असतं तेव्हा तोंडात ओल्या लगद्याने भरलेला साचा बसवतात आणि तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. हे मी आत्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी आणि गप्प? बघू या." मी साचा बसवला आणि बोटांनी धरून ठेवला. आत्या छताकडे बघत नाकाने श्वास घेऊ लागल्या.

"वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "मला काही बोलायचंय."

मी चमकून बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली होती.

"तो रुपया मी नाही बिघडवला. तो तसाच होता. पहिल्यापासून. वर कुंकू होतं म्हणून दिसत नव्हतं. हिनं भिंगातून बघितलंय, विचारा हिला. मी घासलं नव्हतं. मी तेव्हाही सांगितलं होतं."

आत्यांचे डोळे छतावरून सासूबाईंकडे वळले. घशातून काहीतरी आवाज आला. मी म्हटलं, "आत्या, हलू नका, माप बिघडेल." आता वाटतं ते मी जरा घाईनेच म्हटलं.

"तुम्ही आई नसताना घर केलं, मला माहीत आहे. मी तुमचा मान ठेवला. पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तुम्ही ते बोललात. माझ्या माहेरच्यांसमोर बोललात. माझी आई रडत गेली होती त्या दिवशी. तुम्हाला माहीत पण नसेल."

लगदा घट्ट झाला. मी साचा काढला. आत्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, नॅपकिनने तोंड पुसलं. दात नसलेलं त्यांचं तोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्या फार म्हाताऱ्या दिसत होत्या.

"मला गाल आठवतो," त्या म्हणाल्या. "बाबा मला मांडीवर घेऊन दाखवायचे. हे बघ राजा, ही त्याची पगडी, हा त्याचा गाल. मी बोट फिरवायची."

"कुंकवावरून फिरवत असाल," सासूबाई म्हणाल्या.

आत्यांनी नॅपकिनची घडी घातली. मग मला म्हणाल्या, "तुझ्या त्या नाणेवाल्याकडे ने मला. मी माझ्या डोळ्यांनी बघते."

कवळी तयार होऊन त्यांच्या तोंडात बसली त्या आठवड्यात मी दोघींना काकांकडे घेऊन गेले. काकांनी टेबलावर मखमलीचं कापड घातलं आणि दोन्ही रुपये शेजारी ठेवले. आत्यांनी भिंग घेतलं. शिक्षिका होत्या, सगळं तपासून घ्यायची सवय. हा रुपया बघ, तो बघ, उलटा कर, दिवा इकडे आण. काकांना त्यांनी सतरा प्रश्न विचारले. हे दुसरं कुणी घासलेलं कशावरून नाही? मग अक्षरं का नाही गेली? काकांनी सगळ्याला उत्तरं दिली. त्यांना इतका चौकस श्रोता बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा.

शेवटी आत्यांनी भिंग खाली ठेवलं. "बाबांना माहीत असणार," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांनी तर कुंकवाच्या आधीचं बघितलं असेल. मला दाखवायला म्हणून गाल सांगत होते." त्यांचे डोळे भरले होते. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला.

परत येताना आम्ही ई-रिक्शा केली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, त्या दोघी मागे. देवास गेटपाशी बसगाड्यांची गर्दी होती, आमची रिक्शा अडकून पडली. भोंगे वाजत होते. मागून आत्यांचा आवाज आला.

"अगं, मी चुकले असं म्हणायला पाहिजे का आता?"

मला वाटलं सासूबाई म्हणतील, नको, राहू द्या, झालं गेलं. आयुष्यभर त्या तेच म्हणत आल्या होत्या.

"म्हणा न, वन्सं," त्या म्हणाल्या. "मला एकदा ऐकायचंय."

आत्या म्हणाल्या. पण कवळी नवी, जीभ अजून सरावलेली नव्हती, "चुकले" मधला "च" शिट्टीसारखा निघाला, आणि त्याच वेळी शेजारच्या बसने जोरात भोंगा दिला.

"परत म्हणा," सासूबाई म्हणाल्या. "नीट ऐकू नाही आलं."

मी मागे वळून बघितलं नाही. आत्यांनी परत म्हटलं, शाळेत हजेरी घेताना लावावा तसा आवाज लावून. पूर्ण वाक्य म्हटलं. मी चुकले, तुझं काही चुकलं नव्हतं. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं आणि मग पुन्हा पुढे बघू लागला.

थोड्या वेळाने सासूबाई रडू लागल्या. मोठ्याने, हमसून. दवाखान्यात बोलताना त्या रडल्या नव्हत्या, काकांकडे नव्हत्या. आत्यांनी त्यांचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "बास, बास. लोक बघतायत." गर्दी सुटली, रिक्शा चालू लागली. मी ड्रायव्हरला सांगितलं की घाई नाही, आरामशीर चल.